उतार किती ठेवायचा? : इतिहासाची उजळणी आणि संगणकावरचा खेळ

(हर्सूल येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहास शिकवताना मुलांना वर्गाबाहेर काढत. हर्सूलच्या नदीकाठाने चालवत नेत आणि जमिनीखालून गेलेल्या नहरीचा माग दाखवत. त्यांच्या नावाने बोलायचं तर विषय मुलांच्या कामाचा असावा आणि तो इथल्या मातीत रुजलेला असावा, एवढं मी मनाशी ठरवलं होतं. विषय जाहीर झाल्यावर काही पालकांनी मला गाठून विचारलं, "बाई, पोरं तशीही फोन सोडत नाहीत. त्यात तुम्हीच खेळा म्हणायला लागलात तर आम्ही काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं नीट उत्तर द्यावं म्हणूनच मी इथे उभी आहे.

सुरुवात परीक्षेपासून करू, कारण मागच्या रांगांमध्ये बसलेल्या नववी-दहावीच्या मुलामुलींचा जीव तिथे अडकलेला आहे. दहावीचं ‘इतिहास व राज्यशास्त्र’ हे पुस्तक बालभारतीने २०१८ साली आणलं. प्रश्नपत्रिका ४० गुणांची. या पुस्तकाने बरेच पालक चकित झाले, कारण त्यात राजांच्या लढाया जवळजवळ नाहीत. इतिहास कसा लिहिला जातो, त्याचा आजच्या जगण्यात उपयोग काय, कला, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन अशी प्रकरणं त्यात आहेत. सातव्या प्रकरणाचं तर नावच ‘खेळ आणि इतिहास’ असं आहे. मला हे पुस्तक आवडतं. पण मुलं त्याला घाबरतात, हेही मी वर्षानुवर्षं पाहत आले. पानिपत गोष्टीसारखं सांगता येतं. व्हॉल्टेअर, रांके आणि फुको यांना गोष्टीत कसं बसवायचं? मग मुलं एकच मार्ग धरतात. गाईड उघडायचं, ओळींखाली रेघा मारायच्या, रेघा मारलेलं पुन्हा वाचायचं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तेच आणखी एकदा.

असं पुन्हा पुन्हा वाचल्याने किती लक्षात राहतं, याची चांगली तपासणी झालेली आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे अभ्यासाला दिले. एका पद्धतीत उतारा वाचायचा आणि पुन्हा वाचायचा. दुसऱ्या पद्धतीत तो एकदा वाचायचा, मिटून ठेवायचा आणि आठवेल तेवढं कागदावर उतरवायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणं पुढे होतं, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पारडं फिरलं. दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं आणि मिटून आठवलेल्यातलं ५६ टक्के. आदल्या रात्री वाचणाऱ्याला ‘मला सगळं येतं’ असं का वाटतं आणि पेपर हातात आल्यावर ते का निसटतं, हे या आकड्यांत दिसतं. डोळ्यांसमोरून गेलेलं ओळखीचं वाटतं. डोक्यातून ओढून काढलेलं टिकतं.

खेळाचा उपयोग इथे सुरू होतो. चांगला खेळ उत्तर समोर ठेवत नाही, ते मागतो. एकदा चुकलात तर पुन्हा मागतो, थोड्या वेळाने आणखी वेगळ्या तऱ्हेने मागतो, आणि मूल कंटाळत नाही, कारण त्याला पुढे जायचं असतं. शिक्षकाने तोच प्रश्न वर्गात पाच वेळा विचारला तर मुलं जांभया देतात. खेळाने विचारला तर खुर्ची पुढे ओढून बसतात.

पण सगळे खेळ सारखे नसतात, आणि माझ्या सांगण्याचा गाभा याच फरकात आहे.

आज शाळांमध्ये खेळ म्हणून जे चालतं ते बहुतेक प्रश्नमंजुषेच्या धाटणीचं असतं. पडद्यावर प्रश्न, चार पर्याय, घड्याळ उलटं पळतंय, जो आधी बोट टेकवेल त्याला जास्त गुण. नॉर्वेतून आलेलं कहूट २०१३ पासून जगभरच्या वर्गांत पोहोचलं, ते याच तऱ्हेचं. त्याने वर्गात चैतन्य येतं, लाजाळू मूलही हात पुढे करतं, हे मी पाहिलं आहे. ‘चुकीची जोडी ओळखा’ या प्रश्नाची तयारी त्यातून होते. मात्र तोच संच दोन-तीनदा खेळला की मुलं प्रश्न वाचणंच सोडतात. ‘तिसऱ्याचं उत्तर लाल’ एवढं त्यांच्या लक्षात राहतं. आणि ‘विधान सकारण स्पष्ट करा’ आलं की पेन थांबतं, कारण त्या खेळाने ‘का’ हा प्रश्न कधी केलेलाच नसतो. वेगाला बक्षीस देणारा खेळ विचार करणाऱ्या मुलाला हरवतो. इतिहासात तर थांबून विचार करणाऱ्यालाच काही सापडतं.

‘का’ विचारणारा खेळ कसा असतो, ते पाहायला १९७१ सालात जाऊ. अमेरिकेत मिनीॲपोलिस शहरात डॉन रॉविट्श नावाचा तरुण प्रशिक्षणार्थी शिक्षक म्हणून आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवत होता. एकोणिसाव्या शतकात हजारो कुटुंबं बैलगाड्यांतून खंड ओलांडून पश्चिमेला ओरेगॉनकडे गेली, तो प्रवास त्याला शिकवायचा होता. पट आणि पत्ते वापरून खेळ करावा, असं त्याच्या मनात होतं. त्याच्याबरोबर खोलीत राहणारे बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हे गणित शिकवणारे आणि प्रोग्रामिंग जाणणारे. त्यांनी दोन आठवड्यांत त्याचा संगणकावरचा खेळ करून दिला. त्याचं नाव ‘द ओरेगॉन ट्रेल’. पडदा नव्हता. दूरच्या संगणकाला टेलिफोनने जोडलेलं टंकयंत्रासारखं एक यंत्र होतं, ते कागदावर प्रश्न छापायचं आणि मुलं उत्तर टंकायची. बैलांवर किती खर्च करणार? धान्यावर किती? कपड्यांवर किती? शिकारीला थांबणार की पुढे जाणार? पैसे चुकीच्या जागी घातले तर डोंगरात बर्फ पडायला लागल्यावर अंगावर पुरेसे कपडे नसायचे.

या गोष्टीतल्या दोन तपशिलांकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. पहिला असा की अख्ख्या वर्गाला यंत्र एकच होतं. मुलं गट करून बसली, एक टंकायला, एक नकाशा पाहायला, एक हिशेब ठेवायला, आणि निर्णय घ्यायला सगळे भांडणार. आपल्या शाळेत संगणक पुरेसे नाहीत म्हणून हळहळणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावं. एका संगणकाभोवती पाच मुलं बसली की त्यांना आपला निर्णय एकमेकांना पटवून द्यावा लागतो, आणि पटवून देताना कारणं सांगावी लागतात. उजळणी खरी तिथे होते. प्रत्येकाच्या हातात फोन दिला तर हे भांडण होत नाही.

दुसरा तपशील मला जास्त मोलाचा वाटतो. सत्र संपल्यावर रॉविट्शने तो खेळ संगणकावरून काढून टाकला, पण छापील प्रत जपून ठेवली. पुढे १९७४ मध्ये तो मिनेसोटातल्या शाळांना संगणकाची सोय पुरवणाऱ्या संस्थेत लागला तेव्हा त्याने तो पुन्हा टंकून चढवला. त्या वेळी तो त्या वाटेने गेलेल्या लोकांच्या रोजनिशांकडे वळला. आजारपण किती वेळा आलं, गाडी किती वेळा मोडली, हवा कुठे बिघडली, हे त्यांतून पाहिलं, आणि खेळातली संकटं त्या प्रमाणात बसवली. मुलगा खेळताना आजारी पडायचा तो पुराव्याच्या हिशेबाने आजारी पडायचा. नियम कल्पनेतून आले नव्हते, कागदपत्रांतून आले होते.

त्या खेळात एक मोठी उणीवही होती. ज्यांच्या जमिनीवरून त्या गाड्या गेल्या ते मूळ रहिवासी त्यात जवळपास बाजूलाच राहिले. २०२१ साली आलेल्या नव्या आवृत्तीसाठी निर्मात्यांनी मूलनिवासी समाजातल्या इतिहासकारांचा सल्ला घेतला आणि त्या लोकांना खेळात त्यांची जागा देण्याचा प्रयत्न केला. कोणताही ऐतिहासिक खेळ हातात घेतला की यात कोण नाही, हे आधी शोधायची सवय मुलांना लावावी, असं मला वाटतं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे हे सगळं परकं आहे, असं कुणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारं मूल काय करत असतं? दरवाजा कुठे ठेवायचा, पाण्याचं टाकं कुठे खोदायचं, बुरुज कोणत्या बाजूला हवा, याचे निर्णय ते घेत असतं. दरवाजा सरळ समोर ठेवला तर हत्ती धडक देईल, म्हणून तो वळणात लपवायचा, हे त्याला मोठं भावंड सांगतं. ते हातांनी केलेलं दुर्गशास्त्राचं परीक्षण आहे. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्याच्या किती तरी आधीपासून आपली मुलं त्या किल्ल्यांचा अभ्यास मातीत करत आली. आणि सोंगट्या-कवड्यांच्या खेळातून शिकवण द्यायची रीत तर याहून जुनी. मोक्षपटाचा खेळ परंपरेने ज्ञानेश्वर-निवृत्तिनाथांशी जोडला जातो. शिडी कशाने चढायची आणि साप कशाने गिळतो, हे त्यात खेळता खेळता मनात उतरतं.

बाजारात मिळणाऱ्या मोठ्या खेळांबद्दल पालकांना काळजी वाटते. त्यांतला एक खेळ मी उजळणीसाठी वापरायला सुचवते, पण निराळ्या पद्धतीने. ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा २००९ साली आलेला इंग्लंडमधल्या कंपनीचा खेळ. तो १७०० सालापासून सुरू होतो, आणि त्यात ‘मराठा कॉन्फेडरसी’ म्हणून मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं. मुलांना अभिमान वाटतो, तो मी हिरावून घेत नाही. मी त्यांना फक्त विचारते, १७०० साली महाराष्ट्रात काय चाललं होतं ते पुस्तकातून काढा आणि हा नकाशा तपासा. मग मुलं शोधायला लागतात. त्या वर्षी मार्च महिन्यात सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं. औरंगजेब बादशहा खुद्द साताऱ्याला वेढा घालून बसला होता. पुढची सात वर्षं महाराणी ताराबाईंनी लढा चालवला. ज्याला आपण मराठ्यांचा संघ म्हणतो, शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांची ती रचना पुढे पेशव्यांच्या काळात आकाराला आली. म्हणजे खेळाने पन्नासएक वर्षांनंतरची गोष्ट १७०० वर आणून बसवली. ही चूक ज्या मुलाने स्वतः शोधली, त्याला ताराबाईंचा काळ पुन्हा वाचून दाखवावा लागत नाही. खेळातल्या चुका शोधणं ही माझ्या मते सगळ्यात खात्रीची उजळणी आहे, आणि त्यासाठी खेळ विकतही घ्यावा लागत नाही, त्याची चित्रं पाहिली तरी भागतं.

या खेळांचा खरा दोष मात्र चुकीच्या सनावळीपेक्षा खोल आहे. ते जगाला रंगांत वाटतात. हा आपला रंग, तो शत्रूचा. आपल्या मध्ययुगीन इतिहासाला हे रंग चालत नाहीत, आणि हर्सूलच्या मुलांना हे कळायला लांब जायला नको.

१६२४ सालची भातवडीची लढाई घ्या, अहिल्यानगरजवळची. एका बाजूला निजामशाही, तिचा सेनापती मलिक अंबर. तो इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादवरून दख्खनला आलेला. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले, त्यांचे बंधू शरीफजी या लढाईत कामी आले. समोर मुघल आणि आदिलशाहीच्या एकत्र फौजा. शहाजीराजांचे सासरे, जिजाऊंचे वडील लखुजी जाधव तेव्हा निजामशाही सोडून मुघलांकडे गेलेले होते. सासरा एकीकडे, जावई दुसरीकडे, आणि जावयाचा सेनापती हबशी. आता सांगा, या लढाईच्या खेळात कोणाला कोणता रंग देणार? वर्गात मुलांना हा पट मांडायला सांगितला की ती आधी चक्रावतात. मग प्रश्न विचारायला लागतात. वतन कोणाकडून मिळत होतं? पगार कोण देत होतं? अपमान कुठे झाला होता? ज्या प्रश्नांची उत्तरं शोधताना दख्खनचं राजकारण समजतं, ते प्रश्न त्यांचे ते निघतात. हर्सूलच्या शाळांमध्ये सगळ्या वस्त्यांतली मुलं शेजारी शेजारी बसतात. त्यांनी हा पट एकत्र मांडावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

ती लढाई मलिक अंबरने जिंकली कशी? त्याने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीभोवती चिखल झाला, रसद अडली, आणि रात्री-अपरात्रीचे छापे सुरू झाले. हा माणूस पाणी जाणत होता. आणि आपण इथे जमलो आहोत ते त्याच्या पाण्याच्या वाटेवर.

१६१० साली त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा उभा केला. १६१६ मध्ये मुघल फौजांनी खडकी लुटून उद्ध्वस्त केली. त्याच दशकात नहर-ए-अंबरी तयार झाली. शहराच्या उत्तरेला, या आपल्या बाजूच्या डोंगरखोऱ्यात जमिनीत मुरलेलं पाणी एका आडव्या भुयारात झिरपू द्यायचं, भुयाराला बारीक उतार ठेवायचा, आणि पाणी स्वतःच्या वजनानेच शहरात न्यायचं. मोट नाही, रहाट नाही. मधे मधे हवेसाठी आणि सफाईसाठी उभी विवरं. पुढे खापरी नळ, आणि ठिकठिकाणी उंच दगडी खांब, ज्यांत पाणी वर चढून खाली उतरायचं आणि अडकलेली हवा निघून जायची. पाणचक्कीची नहर नंतरची, तिचाही उगम हर्सूलच्या नदीच्या वरच्या अंगाला. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि तिथल्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं.

माझ्या विद्यार्थ्यांनी यावर एक छोटा खेळ केला, त्याची हकिगत थोडी सविस्तर सांगते. त्यासाठी स्क्रॅच वापरलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००७ साली मुलांसाठी आणलेली ही प्रोग्रामिंगची सोय फुकट आहे, जुन्या संगणकावर आणि इंटरनेटशिवायही चालते, आणि तिच्यात मराठी मजकूर लिहिता येतो. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे, बस. चित्रं मुलांनीच काढली.

खेळ असा. तुम्ही मलिक अंबरचे कारभारी. शहर नुकतंच लुटलं गेलंय, खजिन्यात ठरावीक रक्कम आहे. पहिला निर्णय, आधी तट की आधी पाणी? यावरच मुलांची अर्धी तासिका गेली. तट आधी बांधला तर उन्हाळ्यात वस्ती पांगते. पाणी आधी आणलं तर मुघल पुन्हा आले की सगळं जातं. दुसरा निर्णय, उतार किती ठेवायचा? कमी ठेवला तर पाणी संथ होऊन गाळ बसतो. जास्त ठेवला तर वाहतं पाणी भुयाराच्या भिंती खरवडतं. तिसरा, विवरं किती अंतरावर? जवळ जवळ खोदली तर खर्च वाढतो, दूर ठेवली तर सफाईला उतरणाऱ्या माणसाचा जीव गुदमरतो. हा तिसरा निर्णय खेळात आला तो एका मुलीच्या आग्रहामुळे. तिने विचारलं, "बाई, आत उतरत कोण होतं?" त्या प्रश्नाने खेळाची तऱ्हाच बदलली. खोदणारे, गाळ काढणारे, नळ भाजणारे कुंभार, ही माणसं तोपर्यंत पडद्यावर नव्हती. मग मुलांनी त्यांचाही हिशेब ठेवायला सुरुवात केली.

त्या मुलांना खेळ खेळून जेवढं आलं, त्याहून कितीतरी जास्त तो करताना आलं. याचं कारण उघड आहे. खेळ करणाऱ्याला प्रत्येक निर्णयाचा परिणाम ठरवावा लागतो, आणि परिणाम ठरवायचा तर कारण माहीत पाहिजे. प्रश्नमंजुषा करायला दिली तरी हेच होतं. बरोबर उत्तर पुस्तकातून उचलता येतं, पण फसवणारे तीन चुकीचे पर्याय लिहायचे तर आजूबाजूचं सगळं वाचावं लागतं. भातवडीच्या प्रश्नात ‘तोफांच्या जोरावर’ हा चुकीचा पर्याय घालणाऱ्या मुलाला त्या काळच्या तोफखान्याबद्दल शोधावंच लागलं. म्हणून शिक्षकांना मी सांगते, तयार खेळ शोधत बसू नका. दहावीच्या वर्गाने नववीसाठी खेळ करावा, नववीने आठवीसाठी.

दहावीच्या त्या अवघड प्रकरणांचं काय, हा प्रश्न उरतो. रांकेने मूळ कागदपत्रांच्या चिकित्सेवर भर दिला, हे वाक्य पाठ करण्यापेक्षा चिकित्सा करायला लावणारा खेळ हवा. एक दावा द्यायचा. समजा, ‘ही नहर औरंगजेबाने बांधली.’ मग चार पुरावे उघडायचे. एखाद्या ग्रंथातली नोंद, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली आठवण, जमिनीत सापडलेला खापरी नळ, प्रवासी मार्गदर्शिकेतलं वाक्य. प्रत्येक पुरावा लिखित, भौतिक की मौखिक हे ओळखायचं, त्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवायचं, आणि शेवटी दावा स्वीकारायचा किंवा नाकारायचा. नाकारला तर कारण टंकायचं, पर्याय निवडायचा नाही. हे कारण टंकणं म्हणजे ‘सकारण स्पष्ट करा’ची तयारीच. संगणकाला ते कारण तपासता येणार नाही, ते शिक्षकाने वाचायचं आहे. खेळ आला म्हणून शिक्षकाचं काम कमी होत नाही, हे कुणाला खटकलं तरी मी सांगणारच.

काही गोष्टींचा खेळ करू नये, याबद्दल माझं मत ठाम आहे. हैदराबाद मुक्तिसंग्राम आपल्या मराठवाड्याच्या घराघरातला विषय. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा निघाल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. स्वामी रामानंद तीर्थांचं नेतृत्व, सीमेवरची शिबिरं, गावोगावची गुप्त पत्रकं, यांच्यावर पुराव्यांचा खेळ जरूर करता येईल. पण रझाकारांचे अत्याचार, आणि कारवाईनंतर निरपराधांनी सोसलेलं दुःख, हे गुण मिळवायच्या पडद्यावर आणू नये. भारतात विलीन व्हावं असं लिहिणारे पत्रकार शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. ती हकिगत वाचायची असते, त्यावर बोलायचं असतं. पुन्हा सुरू करायचं बटण जिथे अपमानकारक ठरेल, तिथे खेळ थांबला पाहिजे. पानिपत मात्र मी खेळू देईन, कारण तिथला प्रश्न रसदीचा आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली यमुना ओलांडून आला आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाट तुटली. छावणीत लढणाऱ्यांच्या बरोबरीने यात्रेकरू आणि बायकामुलं. धान्य रोज घटतंय. निर्णय घ्या. १४ जानेवारी १७६१ पर्यंत मुलं वेगवेगळ्या वाटा काढतील, एखादा गट जिंकेलही. जिंकला तरी खेळ तिथे संपवायचा नाही. भाऊसाहेबांना ही वाट का घेता आली नसेल, हे त्या गटाने लिहून द्यायचं, तरच फेरी पूर्ण.

पालकांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आता देते. मी फोन द्या म्हणत नाही. गोळीबाराच्या खेळांत तासन्‌तास जाणारा वेळ मला तुमच्याइतकाच सलतो. मी म्हणते तो खेळ शाळेच्या संगणकावर, गटाने, शिक्षकांसमोर, आठवड्यातून एक तासिका खेळायचा आहे. तोच प्रश्न पुढच्या आठवड्यात आणि नंतर महिन्याने परत आला पाहिजे, म्हणजे आठवण पक्की होते. परीक्षेच्या आदल्या रात्री खेळून काही होणार नाही.

यासाठी मोठा निधी लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे ती कल्पना राज्याच्या पुस्तकांत आली, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. सुरुवात एका खेड्यातल्या शाळेपासून झाली होती. हर्सूल तर शहराला लागून आहे. दिल्ली दरवाजातून निघालेला अजिंठ्याचा रस्ता आपल्या दारातून जातो.

आपल्याकडे कमी आहे ती रॉविट्शला मिळाल्या तशा रोजनिशांची. मुलांच्या खेळातले उताराचे आणि अंतराचे आकडे आज अंदाजाचे आहेत, ते त्यांनी खेळात लिहूनही ठेवलं आहे. ते आकडे खरे करायचे तर माहिती इथल्या लोकांकडेच आहे. तुमच्यापैकी कुणाच्या शेतात नांगरताना खापरी नळाचे तुकडे निघाले असतील. कुणाच्या आजोबांनी नहरीच्या विवरात उतरून गाळ काढला असेल. विहीर खणताना कुणाला दगडी बांधकाम लागलं असेल. येत्या महिन्यात मुलं वही आणि मोजपट्टी घेऊन घरोघर येणार आहेत. त्यांना जागा दाखवा, किती खोलीवर लागलं ते सांगा, कोणत्या वर्षी ते आठवून सांगा, आणि नक्की आठवत नसेल तर तसंही सांगा, म्हणजे ती त्याप्रमाणे नोंद करतील.